तिळाचं तेल

दर सोमवारी सुई.
मोन्तेविदेओच्या बंदरामागे, सरकारी इस्पितळाचा तिसरा मजला.
नर्स नेलिदा म्हणायची, "सैल सोड, दगड करू नकोस,"
आणि कमरेखाली जाडसर तेल उतरायचं,
थंडीत बाटलीतून मध उतरावा तसं.

चिठ्ठ्या टाकल्या होत्या.
कुणाच्या तेलात औषध, कुणाचं तेल नुसतंच तेल,
हे नेलिदालाही ठाऊक नव्हतं.
उघड होतं ते एवढंच, की मला कसरत आली
आणि धाकट्याला, विल्मारला, बसणं.

बसणं म्हणजे लेखी, सहीनिशी.
दहा आठवडे काही उचलायचं नाही:
सिमेंटची गोणी, गॅसचं नळकांडं, रडणारी मुलगी, काहीच नाही.
"येर्बाच्या चहाचा थर्मास?" त्यानं विचारलं.
डॉक्टर इरिगोयेन हसले. काखेत धरलेला चालेल.

तो लॉटरीच्या खोक्यात जाऊन बसला.
तसाही तो तिथेच बसायचा.
मी सोमवार, बुधवार, शुक्रवार
खांद्यावर लोखंड घेऊन खाली जायचो, वर यायचो,
पाचव्या आठवड्यात घराचा जिना
कठडा धरून, उलटा उतरलो.

आठव्या आठवड्यात विल्मारच्या शर्टाची काख उसवली.
तिकीट फाडून देताना.
ओफेलियानं शिवली, पुन्हा उसवली.
पाठभर पुटकुळ्या, सोळाव्या वर्षी होत्या तशा.
आणि एक गोष्ट त्यानं फक्त मला सांगितली, दार लावून:
खाली वाटाणे झालेत, वाटाणे.
"मी काही केलं नाही रे," म्हणायचा,
खिशात दुसऱ्याचं पाकीट सापडलेल्या पोरासारखा.
"रात्री कुणीतरी येतं, काम करून जातं."
हरी खाटल्यावर देतो म्हणे.
इथे सुईनं देत होता.

शेवटची मापं.
माझं मांस दोन किलोंनी वाढलेलं. त्याचं तीन, वर थोडं.
पायानं वजन रेटायच्या यंत्रावर मात्र मी बरोबरीला होतो:
माझ्या पायांना निदान रेटायचं कसं ते कळलं होतं.
त्यानं रेटलं आणि स्वतःच दचकला,
जणू दार उघडंच होतं.
मग पाकिटं फोडली. माझ्या नावापुढे: तिळाचं तेल.
दहा सोमवार मी तीळ खात होतो,
ढुंगणातून.

रविवारी पापांकडे.
एलादियो, अडतीस वर्षं बंदरावर लोकरीच्या गाठी वाहिलेला,
आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
"या इकडे, दोघेही."
बोटांनी माझा खांदा पाहिला, पुढे सरकला.
विल्मारच्या खांद्यावर थांबला.
दाबला. उलटा हात फिरवला, जनावराची पाठ पाहतात तसा.
"हा राबलाय," म्हणाला.
आणि मला, समजूत घालत, "तुलाही जमेल."

मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं
की नको होतं, अजून ठरलेलं नाही.
विल्मारच म्हणाला, "मी बसून होतो, पापा."
"बसून कुणाचं काही होत नाही,"
म्हातारा म्हणाला, आणि किटली चाचपडू लागला.

मार्चपर्यंत विल्मारचा शर्ट पुन्हा ढगळ झाला.
मीही लोखंड सोडलं, कामाच्या पाळ्या बदलल्या म्हणून,
आणि खरं म्हणजे राग आला होता म्हणून.

आता शनिवारी पापांना अंघोळ मी घालतो.
अडतीस वर्षांची लोकर कुठे गेली, कोण जाणे.
हँगरवर सदरा अडकवावा तशी कातडी.
फक्त उजवीकडे, मानेच्या मुळाशी,
जिथे गाठ टेकायची, तिथे एक खळगा आहे,
अंगठा बसेल एवढा.
पाणी ओतलं की आधी तिथे साचतं,
मग खाली येतं.